आजीची वही आणि मूर्खांची यादी

ज्यांनी हा एपिसोड कानात हेडफोन घालून ऐकला, त्यांना मागे सतत एक घरघर आली असेल. माईक खराब नाहीये, तो कूलर आहे. मे महिन्यात नागपुरात, तेही धरमपेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावर, आवाज चांगला यावा म्हणून कूलर बंद करून तासभर बसणारा माणूस आज आपण ज्या यादीबद्दल बोलणार आहोत तिच्यात सहज बसला असता. म्हणून कूलर चालूच ठेवला. काही जणांना मधले शब्द ऐकू आले नाहीत, त्यांच्यासाठी हा लिहिलेला एपिसोड. माझे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि स्वतःच्याच जोकवर हसणं एवढं काढून टाकलंय. हसणं का काढलं ते पुढे येईल.

तर झालं असं, की मार्चमध्ये आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आजी रोज रात्री दासबोधाचा एक समास वाचते. मी लहान असल्यापासून बघतोय, एक दिवस खंड नाही. डॉक्टरांनी काही आठवडे डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं सांगितलं आणि घरात प्रश्न उभा राहिला, वाचणार कोण? बाबा रात्री आठलाच पेंगतात. आईनं माझ्याकडे बघितलं. मी घरून काम करतो, म्हणजे घरच्यांच्या मते मी काहीच करत नाही. ड्युटी माझ्यावर आली.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात दासबोध म्हणजे लाल कापडात गुंडाळून देवघराशेजारी ठेवायचं पुस्तक. कॉलेजात असताना मी मित्रांसमोर ठणकावून सांगितलंही होतं, की ते सगळं उपदेशाचं सामान आहे, आपल्या काय कामाचं. एक पान वाचलं नव्हतं. हेही पुढे येईल. या एपिसोडमध्ये बऱ्याच गोष्टी पुढे येऊन मलाच लागणार आहेत.

पहिल्या रात्री पहिला समास उघडला आणि मी जरा सरसावून बसलो. कारण तो सुरू होतो श्रोत्यांच्या प्रश्नांनी. हा ग्रंथ कोणता, यात आहे काय, आणि ऐकून मला मिळणार काय? यार, ही तर रीडमी फाइल आहे! आम्ही कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की आधी हीच फाइल उघडतो: हे काय आहे, कशासाठी आहे, वापरून काय होईल. सतराव्या शतकातला माणूस वाचणाऱ्याचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून पहिल्याच पानावर उत्तरं देऊन मोकळा होतो.

थोडी माहिती देतो, मग मजेकडे येऊ. रामदासांचा जन्म १६०८ चा, गाव जांब, आजच्या जालना जिल्ह्यात. दासबोधाचे वीस दशक आहेत, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे. ओव्या पावणेआठ हजारांच्या आसपास. हे आकडे ऐकून घाबरू नका. एक समास मोठ्यानं वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि प्रत्येक समास स्वतंत्र वाचता येतो. त्याला नाव असतं, एक विषय असतो, तो विषय संपला की समास संपतो. आता मला सांगा, याला आपण आज काय म्हणू? निबंध. युरोपात निबंधाचा मूळपुरुष म्हणून माँतेन नावाच्या फ्रेंच माणसाचं नाव घेतात. त्याचं पुस्तक पहिल्यांदा १५८० मध्ये छापलं, रामदासांच्या जन्माआधी अठ्ठावीस वर्षं. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचा प्रश्नच नाही. माँतेन स्वतःबद्दल लिहितो, स्वतःच्या खोडी सांगतो. रामदास स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत, ते तुमच्या खोडी सांगतात. एवढा फरक सोडला तर काम एकच: माणूस रोजच्या रोज कसा वागतो ते टक लावून बघायचं आणि लिहून काढायचं. त्यांना संत म्हणा, कवी म्हणा, मी मात्र त्यांना निबंधकार म्हणून वाचतोय.

दुसऱ्या दशकाचा पहिला समास म्हणजे मूर्खलक्षण. नाव तुम्ही ऐकलं असेल, व्हॉट्सॲपवर त्याचे तुकडे फिरत असतात. ऐंशीच्या आसपास ओव्या, आणि जवळजवळ प्रत्येक ओवीच्या शेवटी तोच शिक्का, की हा पण एक मूर्ख. आमच्या ऑफिसच्या भाषेत ही बग लिस्ट आहे. पण आमच्याकडे जिरावर (खायचं जिरं नाही, बग नोंदवायचं सॉफ्टवेअर) प्रत्येक बगला गंभीरपणाची पातळी द्यावी लागते. रामदासांकडे पातळीबितळी नाही. ओळख नसताना कुणाशीही संगत धरणारा आणि महापुरात उडी मारणारा, दोघांना एकच शिक्का. आईवडिलांशी वैर धरणारा मूर्ख, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन हावरटासारखं जेवणाराही मूर्ख. चार लोक जागे असताना मध्येच झोपून जाणारा मूर्ख (बाबा, ऐकताय ना). दात, डोळे, नाक, हात, कपडे, पाय कायम मळके ठेवणारा मूर्ख. तुम्ही मोठ्या पापाची ओवी ऐकून मान हलवता, छे छे, कसली ही माणसं, आणि पुढच्याच ओवीत तुमचा स्वतःचा मळका शर्ट निघतो.

आता हे हसवतं कसं ते सांगतो, कारण मला यंत्र उघडून बघायची सवय आहे. ओवीला चार चरण असतात. पहिले तीन यमकात जुळलेले, चौथा लहान आणि यमक नसलेला. म्हणजे तीन पायऱ्या एका तालात चढायच्या आणि चौथ्या पायरीवर एकदम धप्प. स्टँडअप करणारे लोक हेच करतात. एक, दोन, तीन असं तुम्हाला एका दिशेनं नेतात आणि शेवटी छोटासा टोला देतात. इथे तर टोला काय असणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे, तरी हसू येतं. कारण प्रश्न 'शेवटी काय होणार' हा नसतोच, 'या वेळी कोण सापडणार' हा असतो. आणि दहाव्या-पंधराव्या ओवीच्या आसपास तुम्ही सापडता.

मी कुठे सापडलो? पहिल्यांदा तिथे, जिथे घरात शहाणपण सुचणारा पण सभेत लाजणारा, बोलताना गडबडणारा माणूस येतो. मंडळी, हा मी आहे, सकाळी साडेनऊच्या टीम कॉलवर. आंघोळ करताना माझे मुद्दे ऐकण्यासारखे असतात. कॉलवर मॅनेजरनं नाव घेतलं की आधी म्यूट काढायला विसरतो, मग 'हॅलो, आवाज येतोय का' एवढंच बोलून वेळ संपते.

दुसऱ्यांदा, भांडण बघत उभा राहणारा. भांडण सोडवत नाही, नुसती मजा बघतो. मागच्याच महिन्यात लक्ष्मीभुवन चौकात दोन गाडीवाल्यांची जुंपली होती. मी सोडवायला गेलो नाही. फोन काढला. एकटा नव्हतो, आठ-दहा फोन वर होते. वाचता वाचता मी थांबलो तसं आजीनं विचारलं, "काय झालं? झोपून राहिला का?" म्हटलं, नाही, पाणी पितोय.

एक दिवस कॉल लांबला होता आणि मला लवकर संपवायचं होतं. मी मधल्या दोन ओव्या हळूच गाळल्या. आजी डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडता म्हणाली, "वाचून राहिला का गाळून राहिला?" तिला निम्मं पाठ आहे हे मी विसरलो होतो. परत मागे गेलो. आणि त्याच समासात पुढे काय यावं? वाचताना अक्षरं गाळणारा किंवा स्वतःच्या पदरची घालणारा, पुस्तकाची निगा न राखणारा, तोही यादीत. लगेच पुढे अजून एक: स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचायला देत नाही, पोथी नुसती बांधून ठेवतो. माझी नजर आपोआप त्या लाल कापडाकडे गेली. आजी हसत होती. तिला माहीत होतं काय येणार आहे.

मग मीही डाव साधला. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की आजी टाळते. झोंबतं म्हणते. मी म्हटलं, "आजी, आजार असून औषध घेत नाही, पथ्य पाळत नाही, त्याला समर्थांनी कुठे टाकलंय माहीत आहे ना?" आजी म्हणाली, "हो न. आणि जो ऐकत नाही त्याला शिकवत बसतो, मोठ्यांपुढे अक्कल पाजळतो, त्याला कुठं टाकलंय?" मी शोधलं. आहे. ओवी खरंच आहे. शेवटी दोन्ही मूर्खांनी मिळून थेंब घातले.

पण एका ओवीला मला हसता आलं नाही. पैसा आल्यावर मागची ओळख न ठेवणारा. माझा एक मित्र आहे. शाळेपासूनचा. बारावीपर्यंत आम्ही एका प्लेटमध्ये तर्री पोहे खाल्लेत, तेही अर्धे पैसे त्याचे, अर्धे उधारीचे. मी बी.टेक. करून पुण्याला गेलो, पॅकेज मिळालं. तो इथेच राहिला, वडिलांचं दुकान सांभाळतो. भांडण काहीच झालं नाही. नुसतं आज करू, उद्या करू म्हणत दोन वर्षं फोन झाला नाही. घरून काम सुरू झाल्यावर तर मी परत नागपुरात, त्याच्यापासून दीड किलोमीटरवर राहून, फोन केला नाही. त्या ओवीत 'दोन वर्षं' असं लिहिलेलं नाही, पण मला तसंच वाचता आलं.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. तो म्हणाला, "कोण बोलून राहिला?" माझा नंबर सेव्ह होता का नव्हता, मी विचारलं नाही. मग म्हणाला, "बोल, काम काय आहे?"

हे 'काम काय आहे' मला फार लागलं. कारण त्याच यादीत असाही एक माणूस आहे, जो स्वतःचं काम होईपर्यंत भारी नम्र असतो आणि दुसऱ्याच्या कामाला उभा राहत नाही. मित्रानं दासबोध वाचलेला नाही, पण ओवी बरोबर फेकली. म्हटलं, काम नाही बे, असाच केला. तो म्हणाला, असाच कोण फोन करते? तरी रविवारी सकाळी गोकुळपेठेत भेटलो. पहिली दहा मिनिटं अवघडच गेली, दोघंही नुसते तर्रीत शेव बुडवत होतो. नंतरचं इथे सांगत नाही, ते त्याचं आणि माझं आहे.

आता एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही मूळ समास उघडाल आणि मला शिव्या घालाल. यादीतलं सगळंच गोड मानून घेण्यासारखं नाही. सुरुवातीलाच बायकोचं ऐकणाऱ्या नवऱ्यांना धरून झोडलंय. त्या काळच्या उच्चनीचतेची छायाही ग्रंथात जागोजागी आहे. 'तेव्हाचा काळ तसा होता' असं म्हणून मी ते झाकणार नाही, मला ते पटत नाही. मी आजीला विचारलं, तू हे इतकी वर्षं वाचतेस, राग नाही आला? आजी म्हणाली, "समर्थ तर मांडवातूनच निघून गेले. त्यांना काय ठाऊक संसार?" ('सावधान' ऐकताच रामदास लग्नातून निघून गेले ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.) असं म्हणून तिनं पुढचं वाच अशी खूण केली. साठ वर्षं रोज वाचणाऱ्या बाईनं कुठे मान डोलवायची आणि कुठे नाही, हे कधीच ठरवून टाकलेलं होतं.

व्हॉट्सॲपवर या ओव्या दुसऱ्याला टोमणा म्हणून पाठवतात, तेव्हा त्यातली मजा मरते असं मला वाटतं. समासाच्या शेवटी रामदास म्हणतात, की लक्षणं अपार आहेत, जमली तेवढी सांगितली, ती सोडून देण्यासाठी सांगितली, श्रोत्यांनी क्षमा करावी. म्हणजे इतक्या वेळा मूर्ख म्हणून झाल्यावर माणूस हात जोडतो!

पुढचाच समास उत्तम लक्षणांचा, आणि तो फोनवाल्यांसाठीच लिहिलाय की काय असं वाटतं. तोंडाळाशी भांडू नये, वाचाळाशी वाद घालू नये. कमेंट बॉक्स उघडण्याआधी एवढं आठवलं तरी पुष्कळ. वाट विचारल्याशिवाय जाऊ नये, फळ ओळखल्याशिवाय खाऊ नये. आम्ही कोडिंग करताना नेटवरचा कोड न ओळखता उचलून खातो आणि मग रात्रभर पोट दुखतं. आणि हो, गोष्ट सांगून आपणच हसू नये! हे वाचल्यावर मी माझे जुने एपिसोड ऐकले. प्रत्येक जोकनंतर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मीच हसलोय. म्हणून हसणं काढलं.

दशकाच्या शेवटी येतो पढतमूर्ख. म्हणजे शिकलेला, ज्याला सगळं कळतं, आणि तरीही. मला वाटतं बी.टेक.वाल्यांनी थेट इथूनच सुरुवात करावी. त्यात एक जण आहे, जो ग्रंथ मुळातून न बघता त्याला नावं ठेवतो आणि गुण सांगितले तरी अवगुणच शोधतो. कॉलेजचा कट्टा आठवतोय ना? तोच मी.

आता वहीबद्दल. एक दिवस आजीनं कपाटातून एक वही काढायला लावली. लग्नाआधी, विशीत असताना, तिनं तिच्या वडिलांच्या पोथीवरून काही समास उतरवून घेतले होते. कागद महाग, म्हणून अक्षर मुंगीएवढं, पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. निळी शाई आता फिकट तपकिरी झालीय. आजीला ते आता वाचता येत नाही. ऑपरेशन चांगलं झालंय, चष्माही नवा येईल, पण ते अक्षर तिला परत दिसेल असं वाटत नाही.

आणि योग बघा, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं लिहावं यावरच आहे. रामदास सांगतात, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, ओळी नीट असाव्यात, पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं असावं, अख्खा ग्रंथ एकाच टाकानं लिहिल्यासारखा दिसावा. बोरू कसे घ्यावेत, शाई कशी साठवावी, सगळं आहे. आणि मग दोन गोष्टी अशा, की मी वाचता वाचता वहीकडे बघत राहिलो. एक: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावं. दोन: पानाच्या चारही बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षर जात नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस फॉन्ट साइज आणि मार्जिन यांच्यावर बोलतोय, आणि नुसतं दिसायला छान म्हणून नाही, तर पुढे काय बिघडेल हे ओळखून. आम्ही त्याला डिझाइन म्हणतो आणि त्याचे कोर्स विकतो. रामदास सांगायचे आणि शिष्य कल्याण लिहून घ्यायचा अशी परंपरा आहे. ग्रंथ हातानं उतरवतच गावोगाव जायचा, तेव्हा कड झिजणं म्हणजे ओवी जाणं. पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून अशा वह्या-पोथ्या गोळा करण्यात आयुष्य घातलं, म्हणून त्यातलं बरंच आज धुळ्यात जपलेलं आहे.

आजीच्या वहीनं दोन्ही नियम मोडलेत. मी विचारलं, हाच समास वाचत होतीस ना, मग? आजी म्हणाली, "वीस वर्षांच्या पोरीला म्हातारपण कोण सांगते बाप्पा!"

मी ठरवलं, वही टाइप करायची. मी फोनच्या टॉर्चनं वाचायचो, काठावर झिजलेले शब्द आजी पाठांतरातून सांगायची. असं चार-पाच दिवस मजेत चाललं. एका रात्री एका ओवीचा शेवटचा शब्द कागदासकट गेलेला निघाला. आजी थांबली. पुन्हा पहिल्यापासून ओवी म्हटली आणि त्याच जागी पुन्हा थांबली. "आत्ता होता तोंडावर," म्हणाली. माझ्या हातात फोन होता, तीन सेकंदात शब्द सापडला असता. मी फोन उलटा ठेवला. कूलरचा आवाज तेवढा येत होता. "उद्या सांगते," म्हणून ती झोपली. मला बराच वेळ झोप आली नाही.

सकाळी चहाच्या वेळी तिनं शब्द सांगितला, एकदम खात्रीनं. मी नंतर छापील प्रत बघितली. तिथे वेगळा शब्द आहे. आजीचा शब्द तालात नीट बसतो, अर्थही लागतो, पण तो रामदासांचा नाही. म्हणजे पदरचं अक्षर घातलं म्हणून आजी यादीत, आणि चूक माहीत असून बोललो नाही म्हणून बहुतेक मीही. टाइप करताना दोन्ही शब्द समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. शेवटी आजीचा ठेवला. तिची वही आहे ती.

तुम्हाला वाचायचं असेल तर दासबोध नेटवर फुकट आहे, फोनवर उघडतो. या तीन समासांपासून सुरू करा, आणि मनात नको, मोठ्यानं वाचा. 'एक'चं 'येक' वगैरे दिसेल, पाच मिनिटांत कान सरावतो. शक्य असेल तर घरातल्या कुणासमोर तरी वाचा, एकट्यानं वाचलं तर गाळणं पकडणार कोण?

काल वहीचे प्रिंट काढून आणले. मोठा टाइप, काळी शाई, चारही बाजूंनी चांगली दोन-दोन बोटं जागा सोडलेली. आजीनं पहिलं पान हातात घेतलं, लांब धरलं, वाचता आलं. मग बोटानं कोरी कड चाचपत म्हणाली, "एवढा कागद वाया घालवला?" मी म्हटलं, अगं समर्थांनीच सांगितलंय, कड झिजली तरी...

"परत शिकवून राहिला मला," आजी म्हणाली. "लिही. हाही एक."